वर्ग शांत, गणिते कमी: एडीएचडीच्या औषधाचा परिणाम मोजण्याचे एक प्रकरण

दहा वर्षांची, तीस किलो वजनाची एक मुलगी. एडीएचडीचे (लक्ष न टिकणे, अतिचंचलता आणि उतावीळपणा यांचा विकार) निदान होऊन काही महिने झाले आहेत आणि अल्पकाळ टिकणारे मिथिलफेनिडेट हे औषध सकाळी आठला व दुपारी बाराला असे दोन वेळा सुरू आहे. पाच मि.ग्रॅ.पासून सुरुवात करून डोस आधी दहावर आणि मग पंधरावर नेला गेला आहे. आता पुढे काय करायचे, हे ठरवण्यासाठी डॉक्टरांपुढे तीन माणसांची तीन मते आहेत. वर्गशिक्षिका म्हणतात की मुलीत आमूलाग्र बदल झाला असून हाच डोस चालू ठेवावा. आईच्या मते औषधाचा काहीच उपयोग नाही, उलट संध्याकाळी मुलगी पूर्वीपेक्षा जास्त चिडते. वडिलांना विशेष काही जाणवलेले नाही. हे प्रकरण अभ्यासासाठी रचलेले आहे, म्हणजे मुलगी आणि तिचे आकडे काल्पनिक आहेत. मात्र अशी कोंडी बाह्यरुग्ण विभागात नेहमी दिसते, आणि औषधे, चाचण्या व संशोधन यांविषयीची माहिती वास्तविक आहे.

एडीएचडीच्या लक्षणांची प्रचलित प्रश्नावली अठरा प्रश्नांची असते. प्रत्येक उत्तराला ० ते ३ गुण आणि एकूण ५४. औषधाच्या चाचण्यांमध्ये मूळ गुणांत तीस टक्के किंवा त्याहून अधिक घट झाली, तर ‘प्रतिसाद मिळाला’ असे धरण्याची पद्धत आहे. शिक्षिकेच्या प्रश्नावलीत गुण ३८ वरून १७ वर आले, आईच्या प्रश्नावलीत ३६ वरून जेमतेम ३३ वर. दोघींच्या गुणांची सरासरी काढून ‘बऱ्यापैकी प्रतिसाद’ असा शेरा मारणे सोपे होते. पण ती सरासरी कोणाच्याच अनुभवाशी जुळली नसती, कारण दोघी वेगवेगळ्या वेळची मुलगी पाहत होत्या.

हे औषध तोंडाने घेतल्यावर साधारण दोन तासांत रक्तातील प्रमाण शिखराला पोहोचते आणि परिणाम तीन ते चार तास टिकतो. बाराचा डोस चारपर्यंत ओसरलेला असतो. शिक्षिका मुलीला औषधाच्या भरात पाहतात, तर आई औषध उतरताना आणि उतरल्यानंतर पाहते. वडिलांचा बहुतेक वेळ तिच्याबरोबर जातो तो सुट्टीच्या दिवशी, आणि त्यांच्या उत्तराचा उलगडा गोळ्या मोजल्यावर झाला. महिन्याअखेर बाटलीत जितक्या गोळ्या उरायला हव्या होत्या त्याहून बऱ्याच जास्त निघाल्या. सुट्टीच्या दिवशी औषध द्यायचे नाही, असे घरातच ठरले होते आणि ते कोणी दवाखान्यात सांगितले नव्हते, कारण कोणी विचारलेही नव्हते. वडील जिच्याबद्दल मत देत होते, ती मुलगी औषधावर नव्हतीच. वस्तुनिष्ठ मापन म्हटले की संगणकावरच्या चाचण्या आणि मनगटावरची यंत्रे आठवतात, पण त्या मालिकेतले पहिले आणि सर्वात स्वस्त मापन म्हणजे गोळ्या मोजणे, आणि तेच बहुधा राहून जाते.

चुकीच्या वेळी घेतलेली चाचणी

दवाखान्याकडे एक वस्तुनिष्ठ चाचणी होती आणि ती दोनदा घेतलीही गेली होती. निरंतर कामगिरी चाचणी, म्हणजे सीपीटी, या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रकाराची मूळ मांडणी १९५६ सालची आहे. तिचे एक प्रचलित रूप असे: पडद्यावर एकामागून एक अक्षरे येतात, ‘एक्स’ सोडून प्रत्येक अक्षराला कळ दाबायची, ‘एक्स’ दिसले की हात आवरायचा. सुमारे चौदा मिनिटांत ३६० अक्षरे येऊन जातात. काम मुद्दामच कंटाळवाणे ठेवलेले असते. कळ दाबायची राहिली, तर ती अनवधानाची चूक. नको तिथे दाबली गेली, तर उतावीळपणाची. याखेरीज प्रतिसादाला लागलेला सरासरी वेळ आणि त्या वेळेतला चढउतार नोंदवला जातो.

यातला चढउतार सर्वात बोलका असतो. एडीएचडी असलेल्या मुलाचा सरासरी वेळ पुष्कळदा इतरांहून फारसा वेगळा नसतो. बहुतेक प्रतिसाद वेळेवर येतात, पण मधूनच एखादा प्रतिसाद फार उशिरा येतो, जणू त्या क्षणी चाचणी देणारे कोणी तिथे नव्हतेच. हे विखुरलेले उशीर सरासरीत दडून जातात आणि चढउताराच्या आकड्यात उघडे पडतात. मिथिलफेनिडेटने हा चढउतार कमी होतो, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे.

या मुलीची पहिली चाचणी औषध सुरू होण्याआधी, सकाळी दहाला झाली होती. दुसरी झाली दहा मि.ग्रॅ.वर असताना, पण दुपारी सव्वाचारला, कारण शाळा सुटल्यावरचीच वेळ मिळाली होती. दोन्ही निकाल जवळपास सारखे आले. अहवालात ‘लक्षणीय फरक नाही’ अशी नोंद झाली आणि तिच्या आधारे डोस पंधरावर गेला. चाचणीत दोष नव्हता आणि यंत्रातही नव्हता. शेवटच्या डोसला चार तासांहून अधिक वेळ उलटला होता, म्हणजे औषध उतरलेल्या मुलीची तुलना औषध न घेतलेल्या मुलीशी झाली होती, आणि फरक नाही हे उत्तर अगदी बरोबर होते. डोस किती, तो किती वाजता घेतला आणि चाचणी किती वाजता झाली, या तीन नोंदी ज्या अहवालावर नाहीत, तो अहवाल औषधाच्या परिणामाविषयी काहीही सांगत नाही, असे माझे मत आहे.

अशा चाचण्यांकडून काय अपेक्षा ठेवावी, याचाही विचार इथेच करायला हवा. केवळ सीपीटीवरून निदान करता येत नाही. एडीएचडी असलेली अनेक मुले तिच्यात ठीक गुण मिळवतात आणि नसलेली काही मुले अडखळतात. एकाच व्यक्तीची औषधासह आणि औषधाविना तुलना करण्यासाठी ती अधिक उपयोगी आहे, कारण तिथे प्रत्येकजण स्वतःचाच मापदंड असतो. पण तिथेही सरावाचा परिणाम असतो, आणि पहिल्या खेपेचे कुतूहल दुसऱ्या खेपेला उरत नाही. क्यूबीटेस्टसारख्या चाचणीत कॅमेऱ्याने डोक्याची हालचालही टिपली जाते. ब्रिटनमध्ये उपचारांविषयी मार्गदर्शन करणाऱ्या नाइस या संस्थेने २०२४ मध्ये सहा ते सतरा वयोगटात निदानाला मदत म्हणून ती वापरण्याची शिफारस केली, परंतु औषधाचा परिणाम तपासण्यासाठी तिच्या वापराबाबत आणखी संशोधन हवे असे म्हटले. यंत्र अचूक असणे आणि त्या यंत्राने आपल्या प्रश्नाचे उत्तर मिळणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मोजायचे काय, हे आधी ठरले

पंधरा मि.ग्रॅ.वर शिक्षिका समाधानी, आई नाराज. अशा वेळी सहसा जो जास्त आग्रहाने बोलतो त्याचे ऐकले जाते. इथे मात्र डॉक्टरांनी आंधळी तुलना करायचे ठरवले, म्हणजे कोणत्या दिवशी कोणती मात्रा दिली हे मुलगी, घरचे, शिक्षिका आणि डॉक्टर यांपैकी कोणालाच माहीत नसेल. शून्य, पाच, दहा आणि पंधरा मि.ग्रॅ. अशा चार अवस्था. औषधविक्रेत्याने सर्व मात्रा एकसारख्या दिसणाऱ्या कॅप्सूलमध्ये भरल्या आणि कोणत्या दिवशी कोणती मात्रा, याची किल्ली स्वतःकडे बंद ठेवली. चार आठवड्यांतील शाळेचे वीस दिवस, प्रत्येक अवस्थेला पाच, क्रम चिठ्ठ्या टाकून. मात्रा रोज बदलणे शक्य झाले, ते औषधाच्या स्वभावामुळे. मिथिलफेनिडेटचा अर्धायुकाल (रक्तातील प्रमाण निम्मे व्हायला लागणारा वेळ) दोन ते तीन तासांचा असल्याने कालच्या डोसचे आज काही उरत नाही. हीच मुलगी एडीएचडीच्याच दुसऱ्या एका औषधावर, म्हणजे अ‍ॅटोमॉक्सेटिनवर असती, तर हा आराखडा निरर्थक ठरला असता, कारण त्याचा पूर्ण परिणाम दिसायला काही आठवडे लागतात आणि त्याचे मोजमाप महिन्यांच्या हिशेबाने करावे लागते.

रोज मात्रा बदलून आंधळेपणाने योग्य डोस शोधण्याची ही रीत नवी नाही. अमेरिकेतील एमटीए या मोठ्या अभ्यासात (५७९ मुले, चौदा महिन्यांचे उपचार, मुख्य निकाल १९९९) औषध दिलेल्या मुलांचा डोस अठ्ठावीस दिवसांच्या अशाच आंधळ्या क्रमाने ठरवला होता. त्या अभ्यासातला एक निष्कर्ष या प्रकरणाला थेट लागू पडतो. नेहमीच्या डॉक्टरांकडे पाठवलेल्या गटातही सुमारे दोन तृतीयांश मुलांना औषध मिळत होते, तरीही त्यांची सुधारणा अभ्यासगटाच्या देखरेखीखाली औषध घेणाऱ्या मुलांपेक्षा कमी राहिली. अभ्यासगटात डोस काळजीपूर्वक ठरवला गेला, तो दिवसातून तीनदा दिला गेला, दर महिन्याला भेट झाली आणि शिक्षकांकडून माहिती मागवली गेली. औषध दोन्हीकडे त्याच वर्गातले होते, त्यामागची देखरेख वेगळी होती.

मुलीला सगळे समजावून सांगितले, काही दिवस कॅप्सूलमध्ये औषध नसेल हेही सांगितले. तिने विचारले, “नसेल त्या दिवशी मला कळेल का?” प्रश्न इतका नेमका होता की त्याचीच नोंद ठेवायचे ठरले. रोज शाळा सुटल्यावर तिने आज कोणती कॅप्सूल असावी याचा अंदाज लिहायचा.

मुख्य मापन म्हणून निवडले गेले ते गणिताचे पत्रक. सकाळी दहाला, म्हणजे डोसनंतर दोन तासांनी, दहा मिनिटांत जितकी जमतील तितकी बेरीज-वजाबाकीची गणिते सोडवायची. किती सोडवली आणि किती बरोबर आली, हे दोन आकडे नोंदवायचे. कॅलिफोर्नियात जेम्स स्वॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभारलेल्या ‘प्रयोगशाळा-वर्गां’मध्ये औषधांचे परीक्षण याच धर्तीवर होत आले आहे. तिथे मुलांना दिवसभरात ठरावीक अंतराने अशी पत्रके देतात आणि गणितांच्या संख्येवरून औषधाचा चढउतार आखतात. पत्रकाची पातळी आधी चाचपून ठरवावी लागते. मुलीला येतात तीच गणिते हवीत, म्हणजे संख्या कमी आली तर कारण अज्ञानात शोधावे लागत नाही. शिवाय रोजचे पत्रक वेगळे पण तितक्याच काठिण्याचे असावे लागते.

जोडीला शिक्षिकेची आणि आईची छोटी प्रश्नावली, मनगटावर हालचाल मोजणारा अ‍ॅक्टिग्राफ, सकाळी सव्वादहाला हृदयगती आणि रक्तदाब. भुकेसाठी एक साधी युक्ती केली. शाळेत नेलेला डबा जाताना आणि परत आल्यावर स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलायचा. ‘भूक कशी आहे’ या प्रश्नाला घरोघरी ‘ठीक आहे’ असेच उत्तर मिळते, तोललेल्या डब्यातून मात्र ग्रॅममध्ये मिळते.

सर्वात महत्त्वाचे काम एका कागदावर झाले. किल्ली उघडण्याआधीच लिहून ठेवले गेले की बरोबर सोडवलेल्या गणितांची संख्या हे पहिले प्रमाण, इतर मापने त्यानंतर. चार मापनांनी चार उत्तरे दिली, तर त्यातले आवडते निवडण्याची मुभा कोणालाही नको, डॉक्टरांनाही नको.

किल्ली उघडल्यावर

शून्य मात्रेच्या दिवशी मुलीने सरासरी ४१ गणिते हाती घेतली आणि ३३ बरोबर सोडवली. पाच मि.ग्रॅ.वर ५२ पैकी ४५. दहा मि.ग्रॅ.वर ६३ पैकी ५८. पंधरावर मात्र ४९ पैकी ४७. टक्केवारी पाहिली, तर ती शून्यापासून पंधरापर्यंत चढतच गेली: ८०, ८७, ९२ आणि ९६. केवळ अचूकता पाहणाऱ्याने पंधरा मि.ग्रॅ. निवडले असते. पण पंधरावर मुलीने हाती घेतलेली गणितेच चौदाने कमी होती. ती चुकत नव्हती, हे खरे, पण एक गणित संपवून दुसऱ्याकडे वळायला तिला फार वेळ लागत होता.

शिक्षिकेच्या आंधळ्या प्रश्नावलीत सर्वात चांगले गुण पंधराच्या दिवसांचे होते. अ‍ॅक्टिग्राफवर वर्गातली हालचाल सर्वात कमी त्याच दिवशी. प्रत्येक अवस्थेत एकदा, डोसनंतर दीड तासाने घेतलेल्या सीपीटीत उतावीळपणाच्या चुका पंधरावर सर्वात कमी निघाल्या, पण सरासरी प्रतिसाद मंदावला होता. चढउतार दहावर जितका कमी झाला होता, त्याहून पंधरावर पुढे कमी झाला नाही. चार वस्तुनिष्ठ म्हणता येतील अशी मापने हाताशी होती, आणि त्यातली तीन पंधराकडे बोट दाखवत होती. शिक्षिका खोटे बोलत नव्हत्या, यंत्रही खोटे बोलत नव्हते. ती सगळी शांतता मोजत होती आणि शांतता खरोखरच वाढली होती.

हा विरोधाभास जुना आहे. स्प्रेग आणि स्लीटर या संशोधकांनी १९७७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिले की चंचल मुलांची अल्पकालीन स्मरणाच्या कामातली कामगिरी किलोमागे ०.३ मि.ग्रॅ. मात्रेवर सर्वात चांगली होती, तर शिक्षकांच्या मते वागणूक सर्वात चांगली होती किलोमागे १ मि.ग्रॅ.वर. म्हणजे शिकण्यासाठी एक डोस आणि वर्गाच्या सोयीसाठी दुसरा. नंतरच्या सर्वच अभ्यासांत मोठ्या मात्रेवर शिकणे घसरलेले दिसले नाही, काहींमध्ये मात्रेबरोबर सुधारणा सरळ वाढत गेली. म्हणून ०.३ हा आकडा सूत्र म्हणून वापरता येत नाही. या मुलीच्या बाबतीत दहा मि.ग्रॅ. म्हणजे किलोमागे ०.३३ आणि पंधरा म्हणजे ०.५ इतकेच होते, आणि फरक तेवढ्यातच दिसला. दुसऱ्या मुलीत तो दिसणारही नाही. प्रत्येक मुलामागे मोजणे भाग पडते, ते याचमुळे.

सरासरीइतकेच पाच-पाच दिवसांचे सुटे आकडेही पाहण्यासारखे होते. शून्य मात्रेच्या दिवसांत बरोबर गणितांची संख्या २१, २७, ३३, ३८ आणि ४६ अशी विखुरलेली होती. दहाच्या दिवसांत ५१ ते ६४ च्या आत. औषधाने कामगिरी वाढवली तशीच ती स्थिरही केली, आणि एडीएचडी असलेल्या मुलाच्या बाबतीत स्थिरता ही स्वतंत्र कमाई असते. इथे एक इशाराही आहे. औषध नसलेल्या सर्वात चांगल्या दिवशी मुलीने ४६ गणिते सोडवली, म्हणजे पाच मि.ग्रॅ.च्या सरासरीहून एक जास्त. नेमक्या त्या एका दिवशी मोजून कोणी थांबले असते, तर ‘औषधाशिवायही जमते, मनावर घेतले पाहिजे’ हा नेहमीचा निष्कर्ष पुराव्यासकट निघाला असता.

हृदयगती शून्य मात्रेला सरासरी ८४, दहावर ८८ आणि पंधरावर ९५ होती. मिथिलफेनिडेटने हृदयगती सरासरी तीन ते सहा ठोक्यांनी आणि रक्तदाब दोन ते चार अंकांनी वाढतो, असे औषधाच्या माहितीपत्रकातच दिलेले असते. दहावरची वाढ त्या मर्यादेत होती, पंधरावरची तिच्याबाहेर. पंधराच्या दिवशी डबा निम्म्याहून अधिक भरलेला परत येत होता. झोप लागण्याच्या वेळेत चारही अवस्थांत लक्षात येण्याजोगा फरक नव्हता.

मुलीचे अंदाज पाहिले, तर शून्य आणि पाच यांत तिला फरक ओळखता येत नव्हता, पण पंधराचे दिवस तिने जवळजवळ सगळे ओळखले होते. कारण विचारल्यावर ती म्हणाली, “त्या दिवशी भूकच लागत नाही. बसायला सोपं जातं, पण पुढचं गणित सुरू करावंसं वाटत नाही.” याचे दोन अर्थ होतात. पंधराच्या बाबतीत तुलना पूर्ण आंधळी राहिली नव्हती आणि तेवढ्यापुरता त्या तुलनेवरचा विश्वास कमी करायला हवा. दुसरे असे की पत्रकाने जे आकड्यांत सांगितले, ते मुलीने एका वाक्यात सांगितले होते, आणि आधीच्या भेटींत हा प्रश्न तिला कोणी विचारलेला दिसत नाही. तरीही तिचे अंदाज पत्रकाच्या निकालाला बाधा आणत नाहीत, असे मला वाटते. पंधरा ओळखल्यामुळे ती मुद्दाम कमी गणिते सोडवील, याला काही कारण नव्हते, आणि मोठ्या गोळीने जास्त फायदा होतो असा समज असता, तर आकडा उलट वर गेला असता.

आईच्या तक्रारीचा निकालही याच नोंदींतून लागला. दहा आणि पंधराच्या दिवशी संध्याकाळी साडेचार ते सहा या वेळेत अ‍ॅक्टिग्राफवरची हालचाल शून्य मात्रेच्या दिवसांहून जास्त होती. कोणती कॅप्सूल होती हे आईला माहीत नसतानाही तिच्या प्रश्नावलीत तेच दिवस वाईट ठरले होते. औषध उतरताना लक्षणे काही काळ मूळ पातळीच्याही वर जातात, त्याला उसळी म्हणता येईल. औषध लागू पडत नाही असे आईला वाटत होते, प्रत्यक्षात ते लागू पडून उतरत होते आणि ते उतरणे तिच्या वाट्याला येत होते. पाहिलेल्या गोष्टीबाबत ती बरोबर होती, तिने लावलेले कारण तेवढे वेगळे निघाले.

अ‍ॅक्टिग्राफविषयी एक गोष्ट नमूद करायला हवी. मनगटाची हालचाल कशासाठी झाली, हे त्याला कळत नाही. चित्र रंगवणारा हात आणि बाक वाजवणारा हात त्याला सारखेच. चंचल मुलांना दिवसरात्र हालचाल मोजणारे यंत्र लावून केलेला एक अभ्यास १९८३ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्यात उत्तेजक वर्गातले औषध डेक्स्ट्रोअ‍ॅम्फेटामिन दिल्यावर वर्गातली हालचाल घटली, पण शारीरिक शिक्षणाच्या तासाला ती वाढली. दिवसाची एकच बेरीज केली असती, तर हा फरक विरघळून गेला असता. म्हणून या प्रकरणातही तासांचे वेळापत्रक समोर ठेवूनच यंत्राचे आकडे वाचले गेले आणि खेळाचा तास वगळला गेला.

निर्णय आणि नंतरची मोजणी

मात्रा दहा मि.ग्रॅ.वर परत आणली गेली. शिक्षिकेला हे पटवणे सोपे नव्हते, कारण त्यांच्या अनुभवात मुलगी पुन्हा थोडी हलू लागणार होती. पत्रके समोर ठेवून बोलणे झाल्यावर त्या तयार झाल्या. त्यांना पंधराच्या दिवसांची कोरी राहिलेली खालची अर्धी पाने विशेष जाणवली.

उरला प्रश्न संध्याकाळचा. दुपारी उशिरा तिसरा छोटा डोस देणे हा एक मार्ग होता, दीर्घकाळ हळूहळू सुटणारे औषध देणे हा दुसरा. त्यातल्या एका प्रकारामागे स्वॉन्सन यांच्याच गटाचे निरीक्षण आहे. रक्तातील पातळी दिवसभर एकसारखी ठेवली, तर परिणाम हळूहळू ओसरतो, त्यामुळे पातळी दिवसभर चढती ठेवावी लागते. या तत्त्वावर बनलेल्या, सुमारे बारा तास चालणाऱ्या गोळीला अमेरिकेत २००० साली मान्यता मिळाली. दिवसातून दोन-तीन वेळा दहा मि.ग्रॅ. घेणाऱ्यांसाठी तिची ३६ मि.ग्रॅ.ची गोळी सुचवली जाते. शाळेत औषध देण्याची कटकट टळावी, म्हणून कुटुंबाने हाच मार्ग निवडला.

रूपांतराचा तक्ता योग्य असला, तरी तो सरासरी मुलासाठी असतो, म्हणून नव्या गोळीवर पुन्हा मोजणी झाली, या वेळी आंधळेपणाशिवाय. पत्रके सकाळी दहाला आणि दुपारी साडेतीनला. सरासरी अनुक्रमे ५६ आणि ५४ गणिते बरोबर आली. आईच्या प्रश्नावलीतले गुण ३३ वरून २२ वर आले. संध्याकाळची उसळी नाहीशी झाली नाही. ती रात्री आठच्या सुमारास सरकली आणि सौम्य झाली. झोप लागायची वेळ मात्र अ‍ॅक्टिग्राफच्या नोंदीनुसार साधारण पंचवीस मिनिटांनी लांबली. हा सौदा मान्य आहे का, हे कोणतेही यंत्र ठरवू शकत नव्हते. आईवडिलांनी आणि मुलीने तो काही काळासाठी मान्य केला आणि गोळीची वेळ अर्धा तास अलीकडे आणण्याचे ठरले. सुट्टीच्या दिवशी औषध द्यायचे की नाही, यावरही या वेळी उघड बोलणे झाले.

या सगळ्यातून एक गोष्ट सिद्ध झाली असे कोणी मानू नये. औषधाने गणिते वाढली, म्हणून निदान बरोबर होते, असा निष्कर्ष निघत नाही. १९७८ मध्ये जुडिथ रॅपोपोर्ट आणि सहकाऱ्यांनी एडीएचडी नसलेल्या मुलग्यांना डेक्स्ट्रोअ‍ॅम्फेटामिनचा एकच डोस देऊन पाहिला, तेव्हा त्यांचीही हालचाल घटली आणि लक्ष सुधारले. औषधाची चाचणी निदानाची चाचणी म्हणून वापरण्याचा मोह त्या निष्कर्षापुढे टिकत नाही. या मुलीचे निदान तिच्या लहानपणापासूनच्या इतिहासावर आणि घर व शाळा या दोन्ही ठिकाणच्या अडचणींवर उभे होते, आणि त्याला या मोजणीने ना बळ दिले ना धक्का.

मैत्रिणींशी तिचे कसे चालले आहे, हे पत्रकात येत नाही. त्यासाठी शिक्षिकेकडून महिन्यातून एकदा दोन ओळींची नोंद मागवली जाते. वजन आणि उंची दर सहा महिन्यांनी, हृदयगती आणि रक्तदाब तेव्हाच आणि शिवाय प्रत्येक डोसबदलाच्या आधी व नंतर तपासायचे ठरले आहे. उंचीकडे लक्ष ठेवण्याला कारण आहे. एमटीएमधील मुलांच्या तीन वर्षांच्या पाठपुराव्यात औषध सातत्याने घेणाऱ्यांची उंची न घेणाऱ्यांपेक्षा सुमारे दोन सेंटिमीटरने कमी वाढलेली दिसली होती. वर्षातून एकदा औषधाची गरज अजून आहे का, हे काही दिवस शून्य मात्रा देऊन, शक्य तर पुन्हा बंद कॅप्सूलमधून, तपासले जाईल.

ती तपासणी वर्षाच्या सुरुवातीला न करता नवी इयत्ता सुरू होऊन सहा-सात आठवडे झाल्यावर करायची आहे, कारण नव्या शिक्षकांना मुलीची ओळख झाल्याशिवाय त्यांच्या प्रश्नावलीला अर्थ नसतो. तोपर्यंत तिला गुणाकार-भागाकार सहज येऊ लागलेले असतील आणि बेरीज-वजाबाकीची पत्रके तिच्यासाठी फार सोपी झालेली असतील. पत्रकांची पातळी नव्याने बसवावी लागेल, आणि मग येणारा आकडा या वर्षीच्या ५८ शी न ताडता त्याच महिन्यातल्या शून्य मात्रेच्या दिवसांशी ताडावा लागेल.